जुन्या गाडीचा क्रँक मागेपुढे हलतोय? इंजिन खोलण्याआधी मोजून घ्या

पुढची पुली हाताने धरून दोनदा हलवायची आणि सांगायचं, "क्रँक गेला भाऊ, इंजिन बांधा लागते." आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात हे ऐकायला मिळतं. (क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा; पुली त्याच्या पुढच्या टोकावर असते.) कधी ते खरं असतं. पण कधी पुलीचं रबर सुटलेलं असतं, कधी पुलीची चावी (तिला क्रँकवर अडकवून धरणारा लोखंडी तुकडा) झिजलेली असते, आणि पुष्कळदा क्रँक जेवढा हलायला हवा तेवढाच हलत असतो. उलटही घडतं. खरोखर वाढलेल्या प्लेकडे, म्हणजे हलण्याच्या मोकळिकीकडे, "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून दुर्लक्ष होतं, आणि स्वस्तातल्या वॉशरवर भागलं असतं तिथे क्रँक आणि ब्लॉक दोन्ही लेथवर न्यावे लागतात.

अ‍ॅम्बॅसडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. तरी गावोगावी त्या चालतात, जुन्या डिझेल जीप आणि काळी-पिवळ्या तर रोज सवारी भरून धावतात. या लोकांचं पोट गाडीवर आहे, म्हणून अंदाजाने इंजिन खोलायला लावणं मला पटत नाही. पुढे दिलेली तपासणी थोडीफार हत्यारं हाताळता येणाऱ्या कुणालाही जमेल.

क्रँक का आणि किती हलतो

क्रँक दोन प्रकारे हलू शकतो. एक लांबीत, म्हणजे पुलीकडून फ्लायव्हीलकडे आणि परत. याला मिस्त्री एंड प्ले म्हणतात. दुसरा वर-खाली, म्हणजे क्रँक ज्यांत बसून फिरतो ती मेन बेअरिंग झिजल्यामुळे. दोन्हींची कारणं वेगळी, मोजायची पद्धत वेगळी आणि खर्च तर फारच वेगळा. गॅरेजात दोन्हींना "क्रँकमध्ये प्ले" असं एकच नाव मिळतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

लांबीतला प्ले शून्य असून चालत नाही. इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावतो, आणि घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये ऑइलचा थर राहायला जागा लागते. ही जागा राखण्याचं काम थ्रस्ट वॉशर करतात. ते अर्धचंद्राच्या आकाराचे असतात आणि सगळ्या मेन बेअरिंगांपैकी एकाच बेअरिंगच्या दोन्ही अंगांना बसतात. अ‍ॅम्बॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात तीन मेन बेअरिंग आहेत आणि थ्रस्ट वॉशर मधल्याला आहेत. काही इंजिनांत वेगळे वॉशर नसतात, बेअरिंगलाच दोन्ही बाजूंनी कॉलर असते. काम तेच.

बहुतेक जुन्या इंजिनांत हा प्ले ०.०५ ते ०.३० मिलिमीटरच्या दरम्यान ठरवलेला असतो आणि बदलण्याची मर्यादा साधारण ०.३५ ते ०.४० च्या आसपास येते. हा ढोबळ पट्टा झाला. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, कारण एका इंजिनाला ०.२५ अगदी ठीक असतं आणि दुसऱ्याला तेच जास्त होतं. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. एक हजारावा भाग म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, त्यामुळे १० लिहिलं असेल तर साधारण पाव मिलिमीटर धरा.

आता क्लचचा संबंध. क्लच दाबला की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला पुढे ढकलतं. तो जोर फ्लायव्हीलमार्फत क्रँकवर येतो आणि क्रँक पुलीच्या दिशेने सरकतो. त्याला अडवतो तो थ्रस्ट बेअरिंगच्या मागच्या अंगाचा वॉशर. म्हणून झीज जवळजवळ नेहमी मागच्या वॉशरला जास्त असते, आणि ती किती असेल हे गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा क्लच किती वेळ दाबून ठेवला गेला यावर ठरतं. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोरच्या रांगेत गिअर टाकून, क्लच दाबून तासतासभर पुढे सरकणारी गाडी, पावसाळ्यात पांदणीच्या काळ्या मातीत अर्ध्या क्लचवर ओढलेली गाडी, परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात भरल्या सवारीनिशी चढणारी गाडी: तिन्हींत मीटर फारसं पुढे जात नाही, वॉशर मात्र घासत राहतो. त्यात मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन आणि पातळ झालेलं जुनं ऑइल असेल तर झीज आणखी वेगाने होते.

कशावरून शंका घ्यावी

सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे क्लच दाबताक्षणी इंजिनाच्या खालच्या भागातून येणारा एकच "ठक", आणि सोडल्यावर पुन्हा तसाच. आयडलवर क्लच दाबल्यावर इंजिन जड होऊन फेरे उतरत असतील तर तीही खूण आहे. एरवी न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा भार सुटून फेरे किंचित वाढतात किंवा तसेच राहतात. पुढचं किंवा मागचं ऑइल सील नवीन टाकूनही महिन्याभरात गळायला लागतं. पट्टा वारंवार एका कडेला सरकतो. क्लचचं पेडल कधी वर पकडतं, कधी खाली.

क्लचशी जोडलेला प्रत्येक आवाज क्रँकचा नसतो. क्लच दाबल्यावर सुरू होणारी सतत घरघर बहुधा रिलीज बेअरिंगची असते. दाबल्यावर बंद होणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची असते. थ्रस्टचा आवाज पेडल हलतं त्या क्षणाला येतो, पाय स्थिर असताना तो तसा ऐकू येत नाही.

मोजण्याची तयारी

गाडी सपाट जागेवर घ्या. चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवा. तुमचे हात पुलीजवळ असताना घरातल्या पोट्ट्याने चावी फिरवली असं होता कामा नये. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही, खाली स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे पाहिजेतच. इंजिन थंड असू द्या. पंख्याचा आणि डायनामोचा पट्टा ढिला करून उतरवा, नाहीतर पट्ट्याचा ताण क्रँकला एका बाजूला ओढून धरतो.

आडवं इंजिन असलेल्या मारुती ८०० सारख्या गाडीत पुली चाकाच्या बाजूला तोंड करून असते. तिथे त्या बाजूचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं की हात पोहोचतो.

आधी पुलीचीच परीक्षा

मोजण्याआधी पुली निर्दोष आहे याची खात्री करा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुष्कळ इंजिनं खोलण्यापासून वाचवतं. मधला बोल्ट घट्ट आहे का पाहा. पुली थोडी उलट-सुलट फिरवून बघा. बोल्टचं डोकं जागेवर राहून पुली एकटी हलली तर चावी किंवा तिचा गाळा झिजलाय. काही इंजिनांच्या पुलीत बाहेरचं कडं आणि आतला भाग यांच्यामध्ये रबर असतं. खडूने आतल्या भागापासून कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा, इंजिन दोन-चार मिनिटं चालवा, बंद करून पाहा. रेघ तुटून सरकली असेल तर रबर सुटलंय. अशी पुली फिरताना इतकी डुलते की क्रँकच वाकडा झाल्यासारखा दिसतो. माझ्या ओळखीतल्या एका डिझेल जीपचं इंजिन निव्वळ या डुलण्यावरून खोलायचं ठरलं होतं. खडूची रेघ दोन बोटं सरकलेली दिसली, पुली बदलली आणि गाडी त्याच संध्याकाळी बाजाराला गेली. खडूच्या परीक्षेत इंजिन चालवण्यासाठी बॅटरी जोडावी लागेल, तर नंतर ती पुन्हा काढायला विसरू नका.

डायल गेजने मोजणी

डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं घड्याळासारखं मापक) आणि त्याचं चुंबकी स्टँड तालुक्याच्या कुठल्याही लेथवाल्याकडे असतं. मागून आणा किंवा त्यालाच बोलवा.

स्टँड इंजिनाच्या ब्लॉकवर चिकटवा, चेसिसवर कधीच नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. क्लच दाबल्यावर किंवा टॉमी (ढकलायची लोखंडी दांडी) लावल्यावर अख्खं इंजिन मिलिमीटरभर सहज सरकतं. स्टँड चेसिसवर असेल तर गेज ते सरकणंही क्रँकच्या नावावर लिहितो. ०.१५ चा प्ले दीड मिलिमीटर दिसण्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर चुंबक बसणार नाही. अशा वेळी ब्लॉकच्या रिकाम्या बोल्टच्या छिद्रात लोखंडी पट्टी कसून तिच्यावर स्टँड लावा.

गेजची पिन क्रँकच्या मधल्या बोल्टच्या सपाट डोक्यावर किंवा क्रँकच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, टेकवा, आणि ती क्रँकच्या रेषेत सरळ असू द्या. पिन तिरपी असेल तर आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. पुलीच्या कडेवर टेकवू नका, कारण कड थोडी वाकडी असू शकते.

आता क्रँक पूर्ण मागे ढकला, म्हणजे गिअरबॉक्सकडे. हाताच्या जोराने बहुधा पुरतं, नाहीतर पुलीच्या बोल्टवर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच दाबा. गेज शून्यावर आणा. मग सोबतच्या माणसाला क्लच हळूहळू पूर्ण दाबायला सांगा. काटा फिरून जिथे थांबेल तो आकडा लिहा. क्लच सोडला की क्रँक आपोआप मागे येईलच असं नाही, म्हणून पुन्हा हाताने मागे ढकला आणि काटा शून्यावर परततो का पाहा. परतत नसेल तर स्टँड हललंय, ती मोजणी सोडून द्या. तीन वेळा सारखा आकडा येईपर्यंत करा. मग क्रँक पाव फेरा फिरवा, परत शून्य करा, परत मोजा. मागे आणि पुढे या दोन स्थितींच्या मधे मात्र क्रँक अजिबात फिरवायचा नाही, नाहीतर डोक्याचा तिरपेपणा आकड्यात मिसळतो.

क्लचची केबल तुटलेली असेल किंवा क्लच काढलेला असेल तर टॉमीने ढकलावं लागतं. क्लचच्या घरावरची तपासणीची झाकणपट्टी काढून फ्लायव्हील आणि घराचा जाड कास्टिंगचा भाग यांच्यामध्ये टॉमी घाला आणि हलक्या हाताने ओढा. टायमिंग कव्हर आणि पुली यांच्यामध्ये सब्बल घालून जोर लावणाऱ्यांनी कव्हर फोडलेली मी पाहिली आहेत. कव्हर पातळ असतं, टिकत नाही.

गेज नसेल तर

गावात गेज मिळत नसेल तरी काम अडत नाही. वेल्डिंगवाल्याकडून एक जाड पट्टी इंग्रजी एल आकारात वाकवून घ्या, टोकाला छिद्र पाडून त्यात नट जोडा. पट्टीचं एक टोक ब्लॉकच्या बोल्टखाली पक्कं कसा, असं की दुसरं टोक पुलीच्या बोल्टसमोर येईल. नटातून एक बारीक बोल्ट फिरवत आणा आणि त्याचं टोक पुलीच्या बोल्टच्या डोक्यापासून मिलिमीटरच्या आत ठेवून लॉकनट आवळा.

क्रँक मागे असताना मधली फट फिलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाच्या) पात्यांनी मोजा, समजा ०.७० आली. क्लच दाबून धरायला सांगा आणि पुन्हा मोजा, समजा ०.२५ आली. वजाबाकी ०.४५, तोच तुमचा प्ले. पातं ओढताना हलकासा अटकाव जाणवला पाहिजे. घुसवावं लागलं तर फट लहान आहे, नुसतं सरकलं तर मोठी. दोन-तीन पाती एकत्र लावताना ती पुसून घ्या. व्हर्निअरने हे मोजायचा प्रयत्न करू नका, इतक्या बारीक फरकाला आणि अशा जागेत तो भरवशाचा नाही.

आकडा आल्यावर

मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर क्रँकला हात लावू नका. आवाज दुसरीकडून येतोय, तिकडे शोधा. मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर आकडा, तारीख आणि मीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवा आणि पुढच्या ऑइल बदलीला पुन्हा मोजा. मर्यादा ओलांडली असेल तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवायची वेळ आली. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर गाडी चालवू नका. एक मिलिमीटर किंवा जास्त असेल तर वॉशर पातळ होऊन जागेवरून निसटलेला असण्याची दाट शक्यता आहे. मग क्रँकचा गाल (वॉशरला टेकणारी त्याची बाजू) थेट ब्लॉकवर घासतो, आणि मागून प्रत्येक फेऱ्याला लोखंड खातो.

वर-खालचा प्ले

हे जरा वेगळं. गेजची पिन पुलीच्या कण्यावर वरून उभी लावा आणि खालून लाकडी दांड्याने पुली उचला. पण गेज इथे फक्त पुढच्या मेन बेअरिंगबद्दल सांगतो, आणि चांगल्या बेअरिंगमध्ये फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असते, बहुधा ०.०२ ते ०.०८. हाताला हलणं जाणवलं तर ते आधीच बरंच पुढे गेलेलं आहे.

बेअरिंगची खरी परीक्षा ऑइलच्या दाबाने होते. डॅशबोर्डचा दिवा यासाठी कामाचा नाही, कारण तो दाब फारच उतरल्यावर लागतो. दाबाचा सेन्सर काढून त्या जागी साधा काट्याचा मीटर जोडा, गाडी नीट तापेपर्यंत चालवा आणि मग बघा. प्रत्येक हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय, हा जुन्या पेट्रोल इंजिनांसाठी चालत आलेला ठोकताळा आहे. थंड इंजिनात दाब चांगला आणि तापल्यावर आयडलला एकदम पडतो, तर बेअरिंगची फट वाढलीय किंवा ऑइल पंप थकलाय. एंड प्ले वाढलेला पण दाब चांगला, असं असेल तर बातमी चांगली आहे: फक्त थ्रस्ट वॉशरवर काम भागण्याची शक्यता आहे.

ऑइलची झडती

चेंबर काढण्याआधी ऑइल तापलेलं असताना स्वच्छ भांड्यात सोडा आणि पांढऱ्या सुती कापडातून गाळा. कापड उन्हात धरा. बारीक, मऊ, चकचकीत पापुद्रे दिसले आणि ते चुंबकाला चिकटले नाहीत, तर तो वॉशरचा किंवा बेअरिंगचा वरचा मऊ थर आहे. याच पापुद्र्यांसोबत चुंबकाला चिकटणारे कण आले तर काळजीचं आहे. वॉशरची पाठ पोलादाची असते, मऊ थर संपून पोलाद घासायला लागलं की असे कण येतात. फिल्टरही कापून बघा; सगळ्यात जाड कण तिथेच अडकलेले असतात.

चेंबर उतरवल्यावर

थ्रस्ट वॉशर असलेली मेन कॅप ओळखा. खोलण्याआधी तिच्यावर आणि ब्लॉकवर सेंटर पंचाने खूण करा, दिशा उलटली तर बेअरिंग जळतं. फक्त तीच कॅप काढा, बाकीच्या कसलेल्या राहू द्या. खालचे वॉशर कॅपसोबत येतील. वरचे अर्धे क्रँकभोवती फिरवून पातळ पितळी पट्टीने ढकलत बाहेर काढता येतात, त्यासाठी क्रँक उतरवावा लागत नाही. कॉलरवालं बेअरिंग असेल तर त्याचाही वरचा अर्धा भाग बऱ्याच इंजिनांत असाच फिरवून निघतो.

मायक्रोमीटरने जाडी मोजा आणि नव्या वॉशरशी ताडून बघा. मग क्रँकच्या गालावर नख फिरवा. गुळगुळीत असेल तर नवे वॉशर टाका. झीज थोडी असेल तर ओव्हरसाइज वॉशर मिळतात. किती जाड घ्यायचे ते मोजलेल्या प्लेवरून हिशेब करून ठरवा, अंदाजाने नाही. नखाला खाचा लागत असतील तर नवा वॉशर काही आठवड्यांत तसाच होईल. मग क्रँक उतरवून नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या ग्राइंडिंगवाल्याकडे न्यावाच लागतो. तिथे देताना स्पष्ट सांगा की थ्रस्टचा गाल किती घासला ते लिहून द्या. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) इंचाच्या दहा, वीस हजाराव्या भागांनी घासून दिली आणि गालही सोबत थोडा खाल्ला गेला, पण वॉशर स्टँडर्डच टाकले, तर नव्याने बांधलेल्या इंजिनातही प्ले पहिल्या दिवसापासून जास्त राहतो.

वॉशर बसवताना ऑइलच्या खाचा क्रँकच्या गालाकडे पाहिजेत. ब्लॉककडे तोंड केलेला वॉशर ऑइलविना चालतो आणि जळतो. या एका गोष्टीसाठी मी कितीही घाईत असलो तरी कॅप कसण्याआधी टॉर्च लावून पुन्हा बघतो, तुम्हीही बघा. बसवताना ऑइल भरपूर लावा. कॅपचे बोल्ट आधी हाताने लावा, क्रँक मागे-पुढे एकदा सरकवून दोन्ही अर्धे एका रेषेत आणा आणि मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला कसा. आता फिलर गेज थेट क्रँकचा गाल आणि वॉशर यांच्यामध्ये घालून फट मोजा, आणि क्रँक हाताने पूर्ण फिरतो का बघा. जड झाला असेल तर वॉशर जाड आहे किंवा कॅप तिरपी बसलीय.

झीज का झाली, हे न बघता गाडी सुरू करू नका

नवा वॉशर टाकून कारण तसंच ठेवलं तर पैसे वाया जातात. क्लचच्या पेडलला मोकळी हालचाल आहे का बघा. केबलच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत ती १५ ते २५ मिलिमीटर असते, पण मॅन्युअल बघूनच ठेवा. ही हालचाल उरली नसेल तर पाय पेडलवर नसतानाही रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला दाबत राहतं, आणि क्रँक दिवसभर वॉशरवर टेकलेला असतो. कुणी जास्त कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट बसवली आहे का तेही पाहा. जास्त वजन ओढायला म्हणून ती टाकतात, आणि क्लच दाबताना वॉशरवर येणारा भार तेवढाच वाढतो.

चालवणाऱ्यालाही सांगावं लागेल. रांगेत थांबल्यावर न्यूट्रल करून पाय काढा. पहाटे गाडी सुरू करताना, न्यूट्रल आणि हँडब्रेकची खात्री करून, क्लच न दाबता स्टार्टर मारा. रात्रभर उभ्या इंजिनात ऑइल खाली उतरलेलं असतं, आणि त्या पहिल्या सेकंदांत क्लच दाबलेला असेल तर वॉशर जवळजवळ कोरडा घासतो. काळी-पिवळी एकाहून जास्त ड्रायव्हर चालवत असतील तर प्रत्येकाला वेगळं सांगा.

गाडी हजारेक किलोमीटर चालली की ऑइल आणि फिल्टर बदला, ऑइल पुन्हा कापडातून गाळा आणि त्याच वेळी प्ले परत मोजून बॉनेटखालच्या जुन्या आकड्याच्या खाली लिहा. नवे वॉशर बसताना आकडा किंचित वाढू शकतो. पुढच्या ऑइल बदलीलाही तो त्याच वेगाने वाढताना दिसला तर क्लचची बाजू किंवा क्रँकचा गाल पुन्हा तपासायला घ्या.